मीटर कोणाच्या हातात?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. ते दुपारी बोलूच. सकाळचा हा तास आम्ही वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय ऐकून काहींना वाटेल, की ही मंडळी मुंबईला गेली आणि तिकडचे खूळ डोक्यात घेऊन आली. विषय आहे विजेच्या प्रवाहावरून डीएनए ओळखणारे सेन्सर. नाव जड आहे, पण त्याच्या भावंडाला तुम्ही सगळे ओळखता. कापसाच्या गाडीत खुपसतात ते ओलाव्याचे मीटर. तेही विजेवरच चालते, आणि ते कोणाच्या हातात असते हेही तुम्हाला ठाऊक आहे.

मुंबईला आम्ही काही सेन्सर बघायला गेलो नव्हतो. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याचा मुलगा आणि सून, दोघेही सिकल सेलचे वाहक निघाले. वाहक म्हणजे स्वतः धडधाकट, पण रक्तात दोष घेऊन फिरणारा. नवराबायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता अशी, की पोर आजारी जन्मेल. त्यांचे पहिले पोर तसेच आहे. थंडी पडली की सांधे धरतात, रात्रभर रडते, वर्षातून दोनदा रक्त चढवावे लागते. सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, दहा-बारा आठवड्यांच्या आत मुंबईला परळला जा. सोबतीला आम्ही दोघे-तिघे निघालो.

दादरला उतरलो. गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. ज्यांनी दादरची ती धर्मशाळा पाहिलेली नाही, त्यांच्यावर ती पाहण्याची वेळ कधी येऊ नये. तिथे यवतमाळचा माणूस भेटतो, बुलडाण्याचा भेटतो, बीडचा भेटतो. सगळे टाटाला किंवा केईएमला आलेले. एके काळी परळ म्हटले की आपल्याला गिरण्या आठवायच्या. आता परळ म्हणजे दवाखाना.

केईएमच्या आवारात वैद्यकीय संशोधन परिषदेची एक संस्था आहे, राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. रक्ताचा अभ्यास करणारी. १९५७ साली रक्तगटांचे केंद्र म्हणून ती सुरू झाली. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५२ साली, याच केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा एक रक्तगट सापडला, की जो वरवर ओ वाटतो पण ज्याला ओ गटाचेही रक्त चालत नाही. जगभर त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. गिरणगावातल्या सरकारी दवाखान्यातले हे काम आहे, हे मुद्दाम सांगतो. विज्ञान म्हणजे अमेरिकाच, असे आपल्या पोरांना वाटायला लागले आहे. या संस्थेत सिकल सेल आणि थॅलेसेमियासाठी गर्भातल्या बाळाच्या डीएनएची तपासणी होते. त्यासाठी सुनेला तिथे जावे लागले. त्या घरचा रिपोर्ट काय आला ते आम्ही इथे सांगणार नाही. तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. रिपोर्टची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत आम्ही जे पाहिले, विचारले आणि समजून घेतले, तेवढेच सांगतो.

आधी ही तपासणी कशाची असते ते पाहू. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए असतो. तो म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली एक लांबलचक ओळ. अक्षरे ए, टी, जी आणि सी. माणसाची ओळ ३०० कोटी अक्षरांची आहे. आपल्या अमेरिकन कपाशीची अडीचशे कोटींच्या आसपास, ज्वारीची त्रेहत्तर कोटींच्या आसपास. ज्वारीची ओळ शास्त्रज्ञांनी २००९ साली वाचून काढली. आता सिकल सेलचा दोष किती मोठा? त्या ३०० कोटींतले एक अक्षर. रक्ताच्या लाल द्रव्याची कृती लिहिलेली असते तिथे जीएजी असे हवे, ते जीटीजी झालेले असते. एका ए-च्या जागी एक टी. तेवढ्यावर तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि पोर रात्रभर रडते. तलाठ्याने सातबाऱ्यावर एक अक्षर चुकवले तर काय होते ते आपण भोगलेलेच आहे. तसेच हे.

गावात आरोग्य सेविका बोटातून थेंब घेऊन औषधात टाकते. सिकलचे रक्त असेल तर ते पाणी गढूळ होते, पलीकडच्या रेघा दिसेनाशा होतात. ही साधी, स्वस्त आणि चांगली चाचणी आहे. पण समोरचा माणूस नुसता वाहक आहे की रोगी, हे तिच्यावरून कळत नाही. गर्भातल्या बाळाचे तर तिला काहीच सांगता येत नाही. तिथे अक्षरच वाचावे लागते आणि त्यासाठी परळ गाठावे लागते. गोंदिया-गडचिरोलीच्या बाईने पोटातले दहा आठवड्यांचे बाळ घेऊन रात्रभर गाडीत बसायचे. रोग आपल्याकडे आणि अक्षर वाचणारे यंत्र तिकडे. ही गोष्ट आमच्या मनात तिथेच रुतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चालत लालबागपर्यंत गेलो. आपल्या बापजाद्यांचा कापूस जिथे जायचा ती जागा पाहावी म्हणून. मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, शिवडी सगळे गिरण्यांनी भरले. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आता काही धुरांडी शिल्लक आहेत, बाकी टॉवर आणि मॉल. फिनिक्स गिरणीच्या जागेवर जो मॉल आहे, तिथे एका सदऱ्याची किंमत पाहिली आणि आमच्यातल्या एकाने जागच्या जागी हिशेब केला, की यात कापूस किती आणि त्याचे पैसे आपल्याला किती मिळाले. तो हिशेब दुपारच्या सत्रात येईल.

पण शिवडीला कॉटन ग्रीनवर आणि काळबादेवीच्या बाजारात कापसाची पारख कशी व्हायची, ते ऐका. पारखी माणूस चिमूटभर रुई घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढायचा, तंतू सारखे करायचा आणि लांबी सांगायचा. त्याच्या बोटावर गाठीचा भाव ठरे. तो खोटे बोलायचाच असे नाही. पण तो खरे बोलतो की खोटे, हे तपासण्याचे साधन कापूस पिकवणाऱ्याकडे नव्हते. १९२४ साली दादरला लागून असलेल्या माटुंग्याला कापसाची तंत्र प्रयोगशाळा निघाली. तीच आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, सिरकॉट. तंतूची लांबी, मजबुती, जाडी ही सारी तिथे यंत्रावर मोजायला लागले. बोटाची जागा यंत्राने घेतली. चांगलेच झाले. पण शेतकऱ्याचा भाव त्याने वाढला का? १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, तेव्हाही आपल्या गाडीत हात घालून प्रत सांगणारा ग्रेडरच होता. माटुंग्याचे यंत्र माटुंग्यातच राहिले.

आणि ओलाव्याचे मीटर? बारा टक्क्यांच्या वर ओलावा दाखवला, की गाडी परत. आमच्या भागात आम्ही दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून स्वतःचे मीटर घेतले. खरेदीच्या जागी समोरच्याचे मीटर चौदा म्हणाले, आमचे अकरा. एकाच गाडीतला, एकाच ठिकाणचा कापूस. आम्ही म्हटले, तिसरे मीटर आणा. तिसरे काही आले नाही. थोडी बोलाचाली झाली, मग त्यांनीच अकरा लिहिले. तेव्हापासून त्या ठिकाणी आमच्या गाड्या फारशा परत जात नाहीत. त्यांचे मीटर खोटे होते असे आम्ही म्हणत नाही, बिघडलेले असेल. पण आमच्याकडे मीटर नसते, तर ते बिघडलेले आहे हे कोणाला कळले असते?

आता त्या सेन्सरकडे येऊ.

डीएनएची ओळ एकेरी नसते, दुहेरी असते, चेनसारखी. एका बाजूला ए असेल तर समोर टीच बसतो, जी असेल तर सीच. दुसरे काही बसवले तर चेन अडकते. तापवले की चेन उघडते, थंड झाले की आपापला जोडीदार शोधून पुन्हा लागते. सगळी करामत यात आहे. तुम्हाला एखादी ओळ शोधायची असेल, तर तिच्या जोडीची वीसेक अक्षरांची एकेरी ओळ प्रयोगशाळेत तयार करायची. आपण तिला गळ म्हणू. वीस अक्षरांची ओळ चार अक्षरांतून किती तऱ्हांनी लिहिता येते? एक लाख कोटींहून जास्त. म्हणून कपाशीच्या अडीचशे कोटी अक्षरांत तीच वीस अक्षरे नुसत्या योगायोगाने सापडणे जवळपास अशक्य. नीट निवडलेला गळ भलत्या माशाला लागत नाही.

हा गळ सोन्याच्या ठिपक्यावर बसवायचा. सोनेच का? तर गळाच्या टोकाला गंधकाचा दुवा जोडता येतो आणि गंधक सोन्याला घट्ट चिकटते. सोने म्हणजे अगदी पातळ मुलामा, झवेरी बाजारात जाण्याचे कारण नाही. गळाच्या दुसऱ्या टोकाला फेरोसीन नावाचा पदार्थ लावायचा. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, आणि तो विजेचा कण सहज देतो, सहज परत घेतो. गळ असा बनवलेला असतो, की रिकामा असताना तो केसांच्या पिनेसारखा दुमडून बसतो. त्यामुळे फेरोसीन सोन्याजवळ राहते आणि वीज वाहते. नमुन्यात जोडीची ओळ असेल, तर ती गळाला लागते, पीन उघडून ताठ होते, फेरोसीन सोन्यापासून लांब जाते आणि प्रवाह घटतो. काटा खाली आला, म्हणजे ओळ सापडली. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली ही रीत दाखवली. दुसऱ्याही रीती आहेत. काहींत मिथिलीन ब्ल्यू हे निळे औषध वापरतात, काहींत ओळ लागली की प्रवाह वाढतो. कॅलिफोर्नियातल्या जॅकलीन बार्टन यांनी असे दाखवले, की अक्षरे नीट जुळलेली असली तर वीज त्या चेनमधूनच जाते आणि मध्ये एखादे अक्षर चुकीचे असले तर अडखळते. म्हणजे सिकल सेलसारखे एका अक्षराचे प्रकरणही विजेने पकडता येते.

ही कल्पना कालपरवाची नाही. डीएनए विजेला दाद देतो हे चेकोस्लोव्हाकियातल्या एमिल पालेचेक यांनी १९६० साली छापून दाखवले. अमुकच ओळ ओळखणारा पहिला विद्युत-रासायनिक सेन्सर १९९३ साली कॅनडात झाला. पुढे अमेरिकेत जेनमार्क नावाच्या कंपनीने सोन्याचे ठिपके आणि फेरोसीन वापरून दवाखान्यासाठी यंत्रे काढून विकली. २०२१ साली रोश या बड्या कंपनीने ती कंपनीच विकत घेतली. म्हणजे हे नुसत्या कागदावरचे नाही.

आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात याचा थोरला भाऊ आहेच. साखर तपासायचे यंत्र. बोटाला टोचायचे, पट्टीवर थेंब ठेवायचा, पाच-दहा सेकंदांत आकडा. तीही विजेचीच तपासणी. १९८७ साली पेनाएवढे पहिले तसे यंत्र बाजारात आले, त्याच्या पट्टीतही फेरोसीनच होते. त्याआधी साखरेसाठी दवाखान्यात जाऊन रक्त द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी कागद आणायचा. आज म्हातारी चुलीपुढे बसून बघते आणि डॉक्टरला सांगते, गोळी बदला. हा बदल सरकारी योजनेने झाला नाही. यंत्र छोटे झाले, स्वस्त झाले आणि दुकानात मिळायला लागले, म्हणून झाला.

परळहून आम्ही एक दिवस गिरगावच्या बाजूला लॅमिंग्टन रोडला गेलो. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची ती पेठ. ट्रान्झिस्टरपासून काय हवे ते मिळते. या सेन्सरला जे विजेचे यंत्र लागते, ते ठरावीक दाब देते आणि प्रवाह मोजते, एवढेच त्याचे काम. २०११ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने असे यंत्र ८० डॉलरच्या आत बनवून त्याचा नकाशा सगळ्यांना खुला केला. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराला आम्ही तोंडी वर्णन करून विचारले. तो म्हणाला, भाग मिळतील, पण कशाला हवे? आम्ही म्हटले, बियाणे तपासायला. तो हसला.

त्याने हसावे, आपण हसू नये. मृग तोंडावर आला की काय होते? कृषी सेवा केंद्रातून पाकीट आणायचे. वर लिहिलेले खरे मानायचे. टोबायचे. उगवले नाही तर आठ दिवसांत कळते, तेवढे तरी बरे. पण उगवून वेगळेच निघाले तर ते पाती-फुलावर येईपर्यंत कळत नाही, आणि तोवर हंगाम गेलेला असतो. कोरडवाहू माणसाला वर्षात दुसरा डाव नसतो. आता बाजारात बीटी आहे, नावापुरते बीटी आहे, आणि ज्याला आपण चोर बीटी म्हणतो ते तणनाशक सोसणारेही आहे. चोर बीटीच्या पाकिटावर ना कंपनीचे खरे नाव, ना पत्ता, ना पावती. त्यात कोणी संकराच्या दुसऱ्या पिढीची सरकी भरली असेल, तर जनुक चारातल्या तीनच रोपांत येईल आणि वाढ तर कशीही. तणनाशक मारले की चौथे रोप जळून जाते, आणि शेतकरी म्हणतो, फवारणी चुकली.

दुसरी बाजू पाहा. सरकारकडे मात्र ओळख पटवायचे साधन आहे. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीर इथे आपल्या चळवळीतल्या शेतकऱ्यांनी बंदी असलेले एचटीबीटी उघडपणे टोबले. सांगून-सवरून, दिवसाढवळ्या. नमुने नेले गेले, तपासणीला नागपूरला गेले, गुन्हे नोंदले गेले. तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. बियाणे शेतकऱ्याला फसवते तेव्हा तपासायला वेळ नाही, मनुष्यबळ नाही, रसायन नाही. शेतकरी कायदा मोडतो तेव्हा यंत्र लगेच चालते. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आम्ही मागतो तेव्हा फक्त नवे बियाणे मागत नाही. ते बियाणे कोणते आहे हे स्वतः पाहण्याची मोकळीकही मागतो.

इथे एक कबूल केले पाहिजे. बीटी आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर आजच सोपी पट्टी आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तसे संच तयार केले. पान पाण्यात चुरायचे, पट्टी बुडवायची, रेघ उमटली की बीटीचे प्रथिन आहे. त्यासाठी डीएनएपर्यंत जाण्याची गरज नाही, आणि कोणी महागडे यंत्र गळ्यात मारू लागला तर त्याला हेच सांगा. डीएनए लागतो तो पुढच्या प्रश्नांना. पाकिटावर लिहिलेला संकर हाच का? ज्वारी मालदांडी म्हणून दिली, ती मोहोळच्या निवडीची मालदांडी आहे, की दिसायला सारखे दुसरेच काही? प्रथिनाची पट्टी याचे उत्तर देत नाही. तिथे पाच-दहा ठिकाणची अक्षरे पाहावी लागतात, म्हणजे एका चिपेवर पाच-दहा गळ.

हे काम आज पीसीआरवर होते. कोरोनात आरटीपीसीआर हा शब्द शेळ्या राखणाऱ्या पोरालाही पाठ झाला होता, तेच हे. नमुना तापवायचा, निववायचा, असे तीस-चाळीस वेळा, आणि ओळीच्या कोट्यवधी नकला करायच्या. यंत्र चांगले आहे, पण महाग आहे, शिकलेला माणूस मागते आणि अखंड वीज मागते. रात्री बारानंतर वीज देणाऱ्या तालुक्यात ते कसे चालवणार? विजेच्या सेन्सरला दिवा नको, भिंग नको, बॅटरी पुरते. शिवाय प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला रस स्वच्छ लागतो. पानाचा हिरवा-गढूळ रस प्रवाहाला तेवढा नडत नाही.

मग दुकानात का येत नाही? यात नुसता कोणाचा डाव आहे असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. तसे आम्ही म्हणणार नाही. अडचणी खऱ्या आहेत. पानातून डीएनए मोकळा करणे हेच अर्धे काम, आणि कपाशीचे पान त्यात खोडकर. त्यातली गॉसिपॉलसारखी द्रव्ये आणि चिकट साखरा डीएनएला धरून बसतात. मोकळा केलेला डीएनए इतका थोडा असतो, की आधी त्याच्या नकला कराव्याच लागतात. त्यावर एक तोड जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली काढली. साठ-पासष्ट अंशांवर एकाच तापमानाला नकला होतात, गरम पाण्याचे भांडे पुरते. पण नकला करायला लागलो, की उडालेला एक थेंबही पुढच्या नमुन्यात शिरतो आणि नसलेले आहे असे दिसते. सोन्याच्या ठिपक्यावर इतर घाण बसली की प्रवाह तसाच घटतो आणि ओळ सापडल्याचा भास होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, त्या गरमीत पत्र्याच्या दुकानात ठेवलेली चिप किती दिवस टिकेल, हाही प्रश्न आहेच. म्हणून प्रत्येक तपासणीबरोबर दोन साक्षी नमुने हवेत. एक पक्का माहीत असलेला, एक नक्की नसलेला. ते दोन्ही बरोबर आले तरच तिसऱ्याचे ऐकायचे. हा नियम ओलाव्याच्या मीटरलाही लावा.

आणखी एक घोटाळा आधीच सांगून ठेवतो. पूर्वी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर बिगर बीटीचे १२० ग्रॅमचे वेगळे पुडके यायचे. अळीला सवय लागू नये म्हणून ते भोवती लावायचे होते. आपण बहुतेकांनी ते फेकले. आता बिगर बीटी त्याच पाकिटात मिसळून येते, शंभरात पाच ते दहा. तेव्हा एक सरकी तपासली, जनुक नाही निघाले आणि दुकानदाराची कॉलर धरली, असे करू नका. वीस-तीस तपासाव्या लागतील आणि मग हिशेब मांडावा लागेल.

आणि जनुक सापडले म्हणजे पीक आले असेही नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते आठवा. तेव्हा कित्येकांच्या पऱ्हाटीत जनुक होते. अळीच त्याला सरावली होती. सेन्सर अक्षर सांगेल, अळी मरेल का ते सांगणार नाही. पाऊस तर मुळीच सांगणार नाही.

तरीही आम्हाला हे यंत्र हवे आहे, आणि ते तालुक्याच्या जिनिंगवर, शेतकऱ्यांच्या कंपनीच्या कचेरीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात हवे आहे. सिकल सेलचे एक अक्षर पाहणारी चिप आणि सरकीची ओळ पाहणारी चिप यांत गळ तेवढा वेगळा. खालचे यंत्र एकच असू शकते. माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा आहे, परळला रक्ताची आहे, लॅमिंग्टन रोडला सुटे भाग आहेत. या तीन ठिकाणांत चालत फिरायला एक दिवस लागतो. आम्ही फिरलो. तिघांनी एकत्र बसायला किती वर्षे लागतील, हे विचारायला एक निवेदन तयार केले आहे. जेवणानंतर त्यावर सह्या घेऊ. निवेदनात दोनच मागण्या आहेत. बियाण्याच्या तपासणीची रीत आणि तिचे साक्षी नमुने शेतकऱ्यांच्या संस्थांना किंमत देऊन विकत मिळावेत, फुकट नकोत. आणि शेतकऱ्याच्या तक्रारीवरून घेतलेल्या नमुन्याचा एक भाग शेतकऱ्याच्या हातात सीलबंद मिळावा. १९६६ च्या बियाणे कायद्यात निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करतो. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक प्रयोगशाळेला, एक राखून. नमुना दुकानातून घेतला तर पहिला भाग दुकानदाराचा. शेतकरी त्यात कुठेच नाही.

यंत्र येईल तेव्हा येईल. या हंगामात काय करायचे ते सांगतो आणि थांबतो. बियाणे घेताना पावती घ्या, तिच्यावर जात आणि लॉट नंबर लिहून घ्या. पाकीट वरून न फाडता खालून कापा, म्हणजे लेबल शाबूत राहते. मूठभर सरकी त्याच पाकिटात ठेवून तोंड बांधा आणि उंदीर लागणार नाही असे टांगून ठेवा. २०१२ साली राष्ट्रीय बियाणे निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, आणि त्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवलेच पाहिजे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. निकाल आपल्या बाजूचा आहे. तरी सरकी ठेवाच. उद्या गावात तपासणी आली, तर तपासायला काहीतरी हातात पाहिजे.

ज्यांच्या घरात सिकलचा आजार आहे, त्यांनी मुलामुलींची तपासणी लग्न ठरवण्याआधी करून घ्या. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि पत्रिकेपेक्षा तो कागद जास्त उपयोगाचा आहे. चंद्रपूरला परळच्या त्याच संस्थेचे केंद्र आहे, तिकडच्या मंडळींनी आधी तिथे चौकशी करावी, मग मुंबईचे तिकीट काढावे.

दुपारच्या सत्राला येताना गेल्या हंगामाची रिकामी पाकिटे ज्यांच्या पिशवीत असतील त्यांनी ती पुढे आणून द्यावीत. लॉट नंबर कुठे असतो ते पाकीट हातात घेऊनच पाहू.